फोन चार्ज होतो, पण दिसत नाही

मोबाइल ॲप बनवायला शिकणाऱ्या मुलामुलींना विचारून पाहा, पहिल्या महिन्यात सगळ्यात जास्त वेळ कशात गेला. ‘कोड लिहिण्यात’ असं उत्तर क्वचितच मिळेल. वेळ जातो तो फोन कॉम्प्युटरला जोडण्यात. केबल लावली, फोनवर चार्जिंगची खूण उमटली, बॅटरीची टक्केवारी वाढू लागली. पण अँड्रॉइड स्टुडिओच्या यादीत फोनचं नाव काही येत नाही. केबल काढून पुन्हा लावली. मैत्रिणीची केबल आणून पाहिली. फोन बंद करून चालू केला. कुणीतरी सांगितलं म्हणून फोन फॅक्टरी रीसेट केला, घरातले फोटो गेले आणि त्याबद्दल बोलणी खाल्ली. शेवटी लॅपटॉपला फॉरमॅट मारला. एवढं करूनही जमलं नाही की बरेच जण नाद सोडतात आणि सबमिशनच्या आदल्या रात्री दुसऱ्याच्या लॅपटॉपवरचा स्क्रीनशॉट जर्नलमध्ये चिकटवतात.

आरोग्य आणि विज्ञानाच्या सदरात हा विषय कशाला, असं वाटेल. माझ्या मते तो इथलाच आहे. लक्षण समोर आहे, कारण दिसत नाही आणि ते चार-सहा जागी लपलेलं असू शकतं; यातून मार्ग काढण्याला डॉक्टर निदान म्हणतात. कॉम्प्युटरला न दिसणारा फोन हा निदान शिकवणारा सर्वांत स्वस्त रुग्ण आहे. तो दगावत नाही, त्याच्यावर शंभर वेळा प्रयोग करता येतात आणि बरा झाला की त्याच क्षणी कळतं. आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या आणि तंत्रनिकेतनांच्या लॅबमध्ये असे रुग्ण रोज येतात. शिकवण्यासाठी त्यांचा आपण काहीच उपयोग करून घेत नाही, ही माझी तक्रार आहे.

आधी एक शंका दूर करू. खरा फोन जोडायचाच कशाला? कॉम्प्युटरच्या पडद्यावर फोनचं सोंग घेणारा इम्युलेटर असतो ना? असतो, पण त्याची भूक मोठी आहे. अँड्रॉइड स्टुडिओ इम्युलेटरसकट चालवायचा तर कॉम्प्युटरला १६ जीबी रॅम हवी, असं गुगलच सांगतं; इम्युलेटर वगळला तर ८ जीबीत भागतं. संगमनेर, कोपरगाव, लोणी, विळद घाट या आपल्या जिल्ह्यातल्या अभियांत्रिकी शिक्षणाच्या जागा. तिथे शिकायला येणारी मुलं पारनेर, पाथर्डी, शेवगाव, अकोल्याच्या गावांतून येतात. घरात जुना किंवा दुसऱ्याकडून घेतलेला लॅपटॉप असतो. त्यावर इम्युलेटर सुरू केला की पंखा विमानासारखा घोंघावतो आणि माउसचा बाण जागीच थिजतो. त्याच मुलाच्या खिशातला दहा-बारा हजारांचा फोन मात्र उत्तम चालत असतो. त्याची खरी प्रयोगशाळा तोच फोन असतो आणि तिथे जायचा रस्ता केबलमधून जातो. रस्ता बंद असेल तर मुलगा हुशार असून उपयोग नाही.

दुसरं कारण ॲप वापरणाऱ्यांच्या बाजूचं आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ‘फुले जल’ आणि ‘फुले इरिगेशन शेड्युलर’ अशी ॲप काढली आहेत. पिकाला पाणी किती आणि केव्हा द्यायचं याचा हिशोब त्यातून मिळतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकऱ्याला बांधावर उभं राहून पिकाचा फोटो काढावा लागतो. अशी ॲप वापरली जातात तिथे दुपारचं ऊन पडद्यावर चमकत असतं, अंगठा मातीने किंवा घामाने ओला असतो, नेटवर्कची एखादी काडी येते-जाते आणि फोन तीन वर्षं जुना असतो. अकोले तालुक्यातल्या घाटाकडच्या गावांत ती काडीही नसते. यातलं थोडंफार इम्युलेटरमध्ये नकली करून पाहता येतं, पण ऊन, घाम आणि थकलेली बॅटरी काही तिथे येत नाही. ज्याने आपलं ॲप खऱ्या फोनवर, खऱ्या जागी एकदाही चालवून पाहिलेलं नाही, त्याने ते शेतकऱ्याच्या हाती देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता रुग्णाकडे वळू. पहिला संशय केबलवर. यूएसबीची जोडणी १९९६ साली बाजारात आली; ती घडवणाऱ्या इंटेलच्या गटातले अजय भट्ट हे बडोद्याच्या विद्यापीठात शिकलेले. साध्या यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात. दोन विजेच्या, बहुधा लाल आणि काळी. दोन माहितीच्या, बहुधा हिरवी आणि पांढरी. विजेच्या तारांतून ५ व्होल्ट मिळाले की फोन चार्ज होऊ लागतो. त्यासाठी कॉम्प्युटरशी ओळखपाळख लागत नाही. ओळख होते ती माहितीच्या तारांवर. जोडलेलं उपकरण त्यातली एक तार १.५ किलो-ओहमच्या रोधकातून वर खेचतं, म्हणजे जणू दाराची कडी वाजवतं. कॉम्प्युटर विचारतो, तू कोण, कुठल्या कंपनीचा? फोन आपला कंपनी-क्रमांक आणि वस्तू-क्रमांक सांगतो. मग पुढचं बोलणं.

स्टँडच्या बाहेर टोपलीत मिळणाऱ्या स्वस्त केबलींत पुष्कळदा माहितीच्या तारा नसतातच. तांबं वाचतं, किंमत उतरते आणि विकणारा खोटंही बोलत नाही, कारण ती ‘चार्जिंग केबल’ म्हणूनच विकली जाते. कडी वाजवायला हातच नाहीत. मग कॉम्प्युटरला कळणार कसं की दाराशी कुणी आलंय? टाइप-सी आल्यापासून गोंधळ वाढला आहे. तोंड एकसारखं, आत २४ पिनांची सोय, पण केबलीत प्रत्यक्ष किती तारा ओढल्या आहेत हे बाहेरून अजिबात दिसत नाही. आकारावरून गुण ओळखायची सवय इथे सोडावी लागते.

म्हणून पहिली तपासणी अशी: केबल लावा, फोनची सूचनापट्टी खाली ओढा आणि यूएसबीच्या पर्यायात ‘फाइल ट्रान्सफर’ निवडा. कॉम्प्युटरवर फोनमधले फोटो उघडले का? उघडले असतील तर केबल, फोनचं तोंड आणि कॉम्प्युटरचा पोर्ट, तिन्ही निर्दोष. दोष वरच्या कुठल्या तरी थरात आहे. आता केबली बदलत बसू नका. उघडले नाहीत, तर सेटिंगमध्ये हात घालण्याआधी केबल बदला. डेस्कटॉप असेल तर पुढच्या पोर्टाऐवजी मागचा वापरून बघा, मधे हब असेल तर काढा. अर्ध्या मिनिटाच्या या तपासणीने अर्धे संशयित बाद होतात. चांगला डॉक्टर पहिली तपासणी निवडतो ती याच हिशोबाने. महागडी कोणती हे तो पाहत नाही. कोणतीमुळे सगळ्यात जास्त शक्यता गळतील, हे पाहतो.

फोनच्या तोंडाकडेही बघा. खिशातला कापसाचा लोंढा आणि नगरी धूळ मिळून चार्जिंगच्या खाचेत नमदा तयार होतो. प्लग पूर्ण आत बसत नाही. विजेच्या पिना कशाबशा टेकतात, माहितीच्या टेकत नाहीत. फोन बंद करून लाकडी दातकोरणीने हलकेच तो काढला की ‘खराब झालेला फोन’ कित्येकदा बरा होतो. सुई किंवा टाचणी मात्र घालू नका.

दुसरा थर परवानगीचा. फोन केबलमधून फोटो देईल, पण म्हणून कुणाही कॉम्प्युटरला स्वतःवर ॲप बसवू देणार नाही, आणि ते योग्यच आहे. त्यासाठी ‘डेव्हलपर ऑप्शन्स’ उघडावे लागतात. २०१२ च्या अँड्रॉइड ४.२ पासून हा कप्पा लपवलेला आहे; फोनच्या माहितीत जाऊन ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा बोट मारलं की तो उघडतो. हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला मंत्रतंत्र वाटतं. हेतू साधा आहे: चुकून कुणी आत शिरू नये. आत ‘यूएसबी डीबगिंग’ नावाची कळ आहे, ती चालू करायची.

इथवर सगळे येतात. अडतात ते पुढच्या पायरीवर. केबल लावल्यावर फोनच्या पडद्यावर एक चौकट येते: या कॉम्प्युटरला डीबगिंगची परवानगी द्यायची का? सोबत अक्षरांची आणि आकड्यांची एक लांबलचक माळ असते. ती त्या कॉम्प्युटरच्या किल्लीचा ठसा. कॉम्प्युटरकडे किल्ल्यांची जोडी असते. खासगी किल्ली त्याच्यापाशीच राहते, सार्वजनिक किल्ली फोन लक्षात ठेवतो. पुढच्या वेळी फोन काहीतरी यादृच्छिक आकडा पाठवून म्हणतो, यावर सही कर. सही जुळली तरच दार उघडतं. २०१३ मध्ये अँड्रॉइड ४.२.२ आलं, तेव्हापासूनची ही व्यवस्था आहे. त्याआधी डीबगिंग चालू असलेल्या फोनला कुठलाही कॉम्प्युटर लावला की काम फत्ते होत असे. गंमत अशी की पडद्याला कुलूप असेल तर ही चौकट दिसतच नाही. मुलाचं सगळं लक्ष लॅपटॉपकडे, फोन टेबलावर पालथा, आणि चौकट बिचारी उत्तराची वाट बघत असते.

तिसरा थर कॉम्प्युटरचा. विंडोजला प्रत्येक उपकरणाशी बोलायला दुभाषा लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. हल्ली तो बऱ्याचदा आपोआप बसतो. नाही बसला तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये फोनच्या नावापुढे पिवळी उद्गारखूण दिसते. मग ज्या कंपनीचा फोन, तिच्या अधिकृत ठिकाणाहून ड्रायव्हर घ्यायचा. गुगलचा ड्रायव्हर गुगलच्याच फोनांसाठी असतो. मॅकवर ही भानगड नाही. लिनक्सवर ड्रायव्हर लागत नाही, पण वापरकर्त्याला त्या उपकरणाला हात लावायची मुभा देणारा नियम लिहून ठेवावा लागतो. आयफोनची गोष्ट निराळीच: मॅक पाहिजे, आयओएस १६ पासून वेगळा डेव्हलपर मोड चालू करायला पाहिजे आणि फुकटच्या खात्यावरून बसवलेलं ॲप ७ दिवसांनी चालेनासं होतं. आपल्याकडच्या शिकाऊ मुलांचा त्या वाटेशी संबंध कमीच, म्हणून ती सोडून देऊ.

फोन आणि कॉम्प्युटर यांच्यात निरोप्याचं काम करणाऱ्या प्रोग्रॅमचं नाव एडीबी. त्याचे तीन भाग: आपण आज्ञा देतो तो एक, कॉम्प्युटरवर ५०३७ क्रमांकाच्या पोर्टवर बसलेला सर्व्हर दुसरा, आणि फोनच्या पोटातला तिसरा. फोनचा पडदा लॅपटॉपवर दाखवणारी काही सॉफ्टवेअर स्वतःचा जुना एडीबी सोबत घेऊन येतात. मग एकाच गादीवर दोन कारभारी बसतात, एक दुसऱ्याला उठवतो आणि फोन यादीत येतो-जातो. सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला आणि आगंतुक सॉफ्टवेअर काढलं की भांडण मिटतं.

हे सगळं पाठ करायची गरज नाही, कारण एडीबी स्वतःच बहुतेक निदान लिहून देतो. जोडलेल्या उपकरणांची यादी मागितली की तो फोनच्या क्रमांकापुढे एक शब्द लिहितो. यादी रिकामी आली तर दोष केबलमध्ये, ड्रायव्हरमध्ये किंवा डीबगिंगची कळ बंद असण्यात. ‘अनऑथराइज्ड’ असेल तर केबल, पोर्ट, ड्रायव्हर सगळं ठीक. फक्त फोनवरच्या त्या चौकटीला उत्तर द्यायचं राहिलंय. चौकट येतच नसेल तर जुन्या परवानग्या रद्द करायची सोय डेव्हलपर ऑप्शन्समध्येच आहे, ती वापरून केबल पुन्हा लावायची. ‘ऑफलाइन’ म्हणजे ओळख झाली पण बोलणं तुटलं; सर्व्हर पुन्हा सुरू करा. ‘नो परमिशन्स’ म्हणजे लिनक्सचा तो नियम राहिला. एका शब्दात एवढं सांगणारा रिपोर्ट रक्ततपासणीचासुद्धा नसतो. पण लॅबमध्ये पाहा, त्या शब्दाकडे लक्ष देणारी मुलं फार थोडी. इंग्रजी लाल अक्षरं दिसली की खिडकी बंद करायची, हीच सवय. त्यात मुलांचा दोष नाही. एरर म्हणजे आपली चूक आणि चूक म्हणजे गुण कापले जाणार, हे आपणच शाळेपासून त्यांच्या डोक्यात भरलेलं असतं.

चौथा थर फोन कंपन्यांनी आपल्या मर्जीने घातलेल्या कुलपांचा. काही कंपन्यांच्या फोनमध्ये डीबगिंग चालू करून भागत नाही. ‘यूएसबीवरून इन्स्टॉल’ अशी आणखी एक कळ असते आणि ती चालू करायला कंपनीच्या खात्यात लॉगिन करावं लागतं, आत सिमकार्डही असावं लागतं. सुरक्षिततेचं कारण दिलं जातं. पैसे देऊन घेतलेल्या फोनवर स्वतः लिहिलेलं ॲप बसवायला कंपनीच्या खात्याची अट कशाला, हे मला पटलेलं नाही. नवा फोन घेताना मुलांनी कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलबरोबर हीही चौकशी करावी.

आता मूळ मुद्दा. फोन जुळत नाही तेव्हा बहुतेक जण एकाच दमात पाच गोष्टी बदलतात: केबल बदलली, पोर्ट बदलला, ड्रायव्हर टाकला, फोन रीस्टार्ट केला, स्टुडिओ पुन्हा बसवला. कधी जमतं. पण कशामुळे जमलं हे कळत नाही, त्यामुळे पुढच्या आठवड्यात तीच पूजा पुन्हा मांडावी लागते. तापावर एकदम चार गोळ्या देणाऱ्या डॉक्टरची आणि या पद्धतीची जात एकच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बदलल्यावर काय झालं ते कागदावर लिहायचं आणि फरक पडला नाही तर ती मूळ जागी ठेवून पुढे जायचं, ही शिस्त वर्गात शिकवावी लागते. आपोआप येत नाही.

दुसरी रीत आहे ‘सरांना बोलावण्या’ची. सर येतात, किंवा वर्गातला एखादा हुशार मुलगा येतो, तीन-चार ठिकाणी पटापट क्लिक करतो, फोन दिसू लागतो आणि तो निघून जातो. रुग्ण बरा झाला. शेजारी उभी असलेली मुलगी मात्र जिथे होती तिथेच राहिली. उद्या पुन्हा तिला त्याच मुलाला हाक मारावी लागणार. मुलींच्या बाबतीत हे जास्त होतं असं माझं निरीक्षण आहे, कारण मदत करणारा तिच्या हातातला माउसच काढून घेतो.

याचं उत्तर कुठे परदेशात शोधायला नको, आपल्याच जिल्ह्यात जामखेडला आहे. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी तिथे ग्रामीण आरोग्याचं काम सुरू केलं. १९७९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जामखेडचं नाव जगभर गेलं. ते गेलं ते इमारतीमुळे किंवा यंत्रांमुळे नव्हे. डॉक्टरच्या डोक्यात बंद असलेलं रोजच्या वापराचं ज्ञान त्यांनी गावातल्या बायकांच्या हाती दिलं. त्यांतल्या कित्येकींनी शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं. अतिसार झालेल्या लेकराला मीठ-साखरेचं पाणी कसं द्यायचं, गरोदर बाईत धोक्याची खूण कोणती, कातडीवरचा कोणता डाग कुष्ठरोगाचा असू शकतो, हे त्या ओळखू लागल्या. कुठे आपलं काम संपतं आणि रुग्णाला पुढे दवाखान्यात पाठवायचं, हेही त्या शिकल्या. निदानाची पहिली पायरी गावातच चढली गेली, म्हणून डॉक्टरांना अवघड रुग्णांसाठी वेळ मिळाला.

कुपोषण आणि फोनची केबल एका तराजूत तोलण्याचा माझा इरादा नाही. ज्ञान कुणाच्या हाती ठेवायचं, हा प्रश्न मात्र दोन्हीकडे सारखा आहे. गावच्या अंगणवाडी सेविकेला पाच-सहा धोक्याच्या खुणा ओळखता येतात, तर अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षातल्या विद्यार्थ्याला चार थर तपासता यायला हरकत काय?

हरकत अभ्यासक्रमाची आहे. तंत्रशिक्षण मंडळाच्या पदविका अभ्यासक्रमात ‘मोबाइल ॲप्लिकेशन डेव्हलपमेंट’ हा सहाव्या सत्राचा विषय होता, २२६१७ क्रमांकाचा. त्याच्या सुरुवातीच्या प्रात्यक्षिकांत स्टुडिओ बसवणं आणि आभासी फोन तयार करणं हे होतं. शिवाय ‘एडीटी’ नावाचं जोडसॉफ्टवेअर बसवण्याचाही उल्लेख होता. ते एक्लिप्स या जुन्या साधनासाठीचं, गुगलने त्याचा आधार केव्हाच काढून घेतलेला. अभ्यासक्रम जुना पडतो हे नवीन नाही, नवं आणलं तरी चार वर्षांत तेही जुनं होणार. म्हणूनच साधनाच्या नावापेक्षा तपासण्याची रीत शिकवणं शहाणपणाचं. तोंडी परीक्षेत अँड्रॉइडच्या रचनेचे थर घडाघडा सांगणारा विद्यार्थी समोर ठेवलेला फोन का दिसत नाही हे सांगू शकला नाही, तर त्या पाठांतराचं मोल किती धरायचं?

माझी सूचना अगदी स्वस्तातली आहे. सत्राच्या सुरुवातीला एक प्रात्यक्षिक फक्त बिघाडाचं ठेवावं. शिक्षकाने आधीच मुद्दाम गोष्टी बिघडवून ठेवाव्यात: एका टेबलावर फक्त चार्जिंगची केबल, दुसऱ्यावर डीबगिंग बंद, तिसऱ्यावर ड्रायव्हर काढलेला, चौथ्यावर दोन एडीबींचं भांडण, पाचव्यावर काहीच बिघाड नाही पण फोन कुलूपबंद आणि पालथा. विद्यार्थ्यांनी टेबलाटेबलावर फिरून कारण शोधायचं आणि कुठली शक्यता कशी बाद केली ते लिहायचं. गुण त्या टिपणाला. फोन जुळला नाही तरी, दोष कुठल्या थरात आहे हे पुराव्यानिशी सांगितलं तर पूर्ण गुण. जर्नलमध्ये स्क्रीनशॉट चिकटवायची सोयच उरणार नाही, कारण बिघाडाचा स्क्रीनशॉट प्रत्येकाचा वेगळा.

यावर एक आक्षेप येतो: केबलचं युग संपलं, २०२० च्या अँड्रॉइड ११ पासून वायफायवरून जोडता येतं. येतं, आणि घरी ते सोयीचंही आहे. सहा आकडी कोड टाकला की झालं. पण फोन आणि लॅपटॉप एकाच वायफायवर हवेत, आणि कॉलेजच्या वायफायवर एका उपकरणाला दुसरं दिसू नये अशीच व्यवस्था पुष्कळ ठिकाणी केलेली असते. मग तिसऱ्याच कुणाचा हॉटस्पॉट घ्यावा लागतो. म्हणजे पुन्हा थर आलेच. फक्त तांब्याच्या तारेच्या जागी हवा आली.

दुसरा आक्षेप गंभीर आहे आणि तो मला मान्य आहे. बऱ्याच घरांत चांगला फोन एकच असतो. त्यावर वडिलांचं बँकेचं ॲप, आईचे यूपीआयचे व्यवहार. डेव्हलपर ऑप्शन्स चालू दिसले की काही बँकांची ॲप उघडतच नाहीत आणि घरात गोंधळ उडतो. बँकांची भीती पोकळ नाही. परवानगी मिळालेला कॉम्प्युटर फोनवर ॲप बसवू शकतो, फाइली काढून घेऊ शकतो, पडद्याचं चित्र टिपू शकतो. २०१८ च्या फेब्रुवारीत ‘एडीबी डॉट मायनर’ नावाचा किडा पसरला तो याच दारातून. ज्या फोनांचा आणि टीव्ही-बॉक्सचा ५५५५ क्रमांकाचा पोर्ट नेटवर्कवर उघडा राहिला होता, त्यांना गाठून तो त्यांच्याकडून आभासी चलनाचं खाणकाम करून घेत असे. म्हणून काम झालं की डीबगिंग बंद करायचं. कॉलेजच्या किंवा सायबर कॅफेच्या कॉम्प्युटरला परवानगी देताना ‘नेहमीसाठी’ या खुणेवर टिचकी मारायची नाही. फोनवर बोलणारा कुणी अनोळखी माणूस ‘बिल्ड नंबरवर सात वेळा दाबा’ म्हणू लागला तर फोन ठेवून द्यायचा.

या केबलीचं महत्त्व पुढे कमी होण्याऐवजी वाढेल, असंही मला वाटतं. ऑगस्ट २०२५ मध्ये गुगलने जाहीर केलं की, प्रमाणित अँड्रॉइड फोनांवर बसणारी ॲप, मग ती प्ले स्टोअरबाहेरची का असेनात, ओळख पटवलेल्या विकसकाचीच असली पाहिजेत. ही अट आधी मोजक्या देशांत आणि नंतर सगळीकडे आणायची योजना आहे. फसव्या ॲपना आळा बसेल, हे खरं. पण गावातल्या दूध संकलन केंद्रासाठी किंवा शाळेच्या हजेरीसाठी हौसेने ॲप लिहिणाऱ्या मुलाला ती आणखी एक पायरी होणार. त्याच घोषणेबरोबर एक गोष्ट स्पष्ट केली गेली: एडीबीने, म्हणजे आपल्या कॉम्प्युटरवरून आपल्या फोनवर ॲप बसवण्याची वाट खुली राहील. शिकणाऱ्याला परवानगीवाचून चालता येईल अशी ही एक वाट.

घरच्या फोनाला हात न लावता शिकता यावं यासाठी महाविद्यालयांनी जुने फोन गोळा करावेत. पडदा तडकलेले, कॅमेरा गेलेले, कपाटात पडून असलेले फोन प्रत्येक घरात निघतात. माजी विद्यार्थ्यांना एक निरोप धाडला तर आठवड्याभरात पेटी भरेल. देणाऱ्याने आधी खातं काढून फोन रीसेट करून द्यावा, नाहीतर तो जुन्या खात्याचा पासवर्ड मागत बसतो. निरनिराळ्या कंपन्यांचे आणि निरनिराळ्या वयाचे फोन असले तर फारच चांगलं; चकचकीत नव्या फोनपेक्षा त्यांच्यावर चालवून पाहिलेलं ॲप शेतात टिकण्याची शक्यता जास्त. पेटीत प्रत्येक फोनवर चिठ्ठी चिकटवावी: अँड्रॉइडची आवृत्ती कोणती, कोणती केबल चालते, कोणता बिघाड माहीत आहे. बॅटरी फुगून पाठ उचललेला फोन मात्र त्या पेटीत घेऊ नये, चार्जिंगला तर लावूच नये. तो सरळ ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्यावा.